रुग्णांनी एकमेकांशी बोलायचं नाही, तर कुणाशी?

कॅन्सरच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोबाइलवर गट करून एकमेकांशी बोलू नये, असं मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्यात डॉक्टर आहेत, आरोग्यावर लिहिणारे आहेत आणि घरातली कर्ती माणसंही आहेत. त्यांचं म्हणणं साधारण असं, की हे गट म्हणजे अफवांचं कोठार. एकाचं वाचून दुसरा औषध बदलतो, कुणाच्या मरणाची बातमी वाचून तिसरा खचतो आणि चौथ्याला कुणीतरी गंडा घालतं. तेव्हा रुग्णाने आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, फोन बाजूला ठेवावा आणि मन प्रसन्न ठेवावं.

यातल्या काही भीती खऱ्या आहेत, त्यांच्याकडे मी येणार आहे. पण हा सगळा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे. गट नसता तर रुग्ण डॉक्टरांचं ऐकत निवांत बसला असता, हे ते गृहीत. असा रुग्ण मी आजवर पाहिलेला नाही. रोगाचं नाव कळलं की त्याच संध्याकाळी घरात फोन सुरू होतात. मावशीच्या जावेला कुणीतरी अमुक गावचा वैद्य सुचवलेला असतो. शेजारचे गृहस्थ भेटायला येतात आणि 'आमच्या साडूला केमो दिली, त्यातच गेला तो' असं रुग्णाच्या देखत सांगून चहा पिऊन जातात. लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान असतं, हा निरोप कित्येक वर्षं फिरतो आहे. तो फिरतो नातेवाइकांच्या गटात, सोसायटीच्या गटात, दहावीच्या बॅचच्या गटात. पाठवणारा बहुधा धडधाकट असतो आणि त्याचा हेतूही चांगला असतो.

म्हणून डॉक्टर आणि रुग्णगट यांची तुलनाच चुकीची आहे. डॉक्टर भेटतात ती काही मिनिटं सोडली, तर उरलेल्या वेळात रुग्णाच्या कानावर कुणाचा शब्द पडतो, हा प्रश्न आहे. ज्याने हा आजार स्वतःच्या अंगावर काढला त्याचा, की ज्याने तो फक्त ऐकला आहे त्याचा? गट बंद करा म्हणणारे या प्रश्नाला कधीच भिडत नाहीत. गट बंद झाला तर मावशीच्या जावेचा फोन बंद होत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर कडुनिंब, हळद, लिंबूपाणी अशा आहाराने बरा झाल्याचं पत्रकार परिषदेत सांगितलं. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्याचं तपशिलात होतं, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते लिंबूपाणी. ही गोष्ट देशभर इतकी पसरली, की टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सह्यांचं निवेदन काढून सांगावं लागलं, की या दाव्याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. हा दावा कुठल्या रुग्णगटात जन्मला नव्हता. एका प्रसिद्ध माणसाने तो केला आणि वाहिन्यांनी दिवसभर दाखवला. तरीही अफवांचा विषय निघाला की बोट रुग्णांच्या गटांकडेच जातं, वाहिन्या बंद करा असं कुणी म्हणत नाही.

गटांमध्ये चुकीची माहिती किती असते, हे मोजण्याचा प्रयत्न झालेला आहे. २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या एका इंटरनेट गटातले ४,६०० संदेश संशोधकांनी तपासले. त्यांत चुकीचे किंवा दिशाभूल करणारे निघाले १०. त्या दहांपैकी सात गटातल्याच इतर सदस्यांनी पकडून दुरुस्त केले, सरासरी साडेचार तासांत. तो गट इंग्रजीतला होता, त्यातल्या बायका बऱ्याच वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या असणार आणि तो काळ व्हॉट्सॲपच्या आधीचा. सातारा किंवा नांदेडच्या गटाला तोच आकडा लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण हे गट म्हणजे अफवांचं कोठार असं छातीठोक सांगणाऱ्यांनी निदान एवढी तरी मोजदाद केलेली असावी, ही अपेक्षा गैर नाही. नातेवाइकांच्या गटात चुकीचा निरोप कुणी साडेचार तासांत दुरुस्त केलेला तुम्ही पाहिला आहे का? तिथे काकांना दुखवायचं नसतं, म्हणून सगळे हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात.

गटात प्रत्यक्ष काय बोललं जातं, ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमो चालू असलेल्या माणसाने फ्रिजमधली बाटली उचलली तर बोटांतून कळ जाते, गार पाणी प्यायलं तर घसा आवळून येतो. डॉक्टरांनी हे सांगितलेलं असतं, पण पहिल्या केमोच्या दिवशी सांगितलेल्या चाळीस गोष्टींपैकी माणूस चार लक्षात ठेवतो. गटातली बाई सांगते, फ्रिजशी हातमोजा लटकवून ठेवा, पाणी माठातलंही नको, कोमटच प्या. कॅपेसिटाबिनने तळपाय लाल होऊन सोलायला लागले की कोणती चप्पल सुसह्य होते, हे ज्याचे पाय सोलले तोच सांगू शकतो. 'लाल केमो'नंतर लघवीला लाल झालं म्हणून घाबरलेल्या मुलीला दहा मिनिटांत पाच जणी कळवतात, की आम्हालाही झालं, औषधाचाच रंग आहे, दिवस-दोन दिवसांत जाईल, नाही गेला तर दाखवा. नाकातल्या नळीतून जेवण द्यायचं असेल तर मिक्सरमधून काढलेली पेज पुन्हा गाळून घ्यायची, आधी आणि नंतर पाणी सोडायचं आणि रुग्णाला लगेच आडवं करायचं नाही. वॉर्डात सिस्टरनी एकदा दाखवलेलं असतं. घरी पहिल्यांदा नळी तुंबते तेव्हा सिस्टर समोर नसते.

माझ्या थोरल्या भावाला गालाचा कॅन्सर झाला होता. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळतो, त्यामुळे या रुग्णांची संख्या आपल्याकडे अफाट आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो, तोंड उघडेनासं होतं. घरी सोडतानाच्या कागदावर 'तोंडाचे व्यायाम' एवढंच लिहिलं होतं. आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आज इतक्या मावल्या, पुढच्या आठवड्यात एक वाढवायची, हे त्याला एका निवृत्त एसटी वाहकाने गटात फोटो टाकून शिकवलं. ही पद्धत त्या वाहकाने शोधलेली नाही, फिजिओथेरपीतली ती जुनीच रीत आहे. पण रुग्णालयातून आमच्या घरापर्यंत ती पोचली ती त्या माणसामुळे. आणि रोज सकाळी सातला 'आज किती काड्या?' असं विचारणारा तोच होता. तो प्रश्न कुठलंही रुग्णालय रोज सकाळी विचारू शकत नाही.

गट रुग्णाला डॉक्टरांपासून तोडतात, या आरोपाला माझं खरं उत्तर तापाच्या रात्रीचं आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी १००.४ अंशांच्या वर ताप गेला तर तो जिवावर बेतू शकतो, तासांचा हिशेब असतो. घरात मात्र तापाला कुणी घाबरत नाही. क्रोसिन दे, सकाळी बघू, असं थोरले म्हणतात. सून किंवा मुलगा रात्री दीड वाजता गटात विचारतो. त्या वेळी जागे असलेले लोक गटात हमखास असतात, कारण स्टेरॉइडने झोप उडालेली असते. उत्तर एकच येतं : थांबू नका, आत्ता निघा, कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या केमो चालू असल्याचं सांगा. गटाने रुग्णाला डॉक्टरकडे पाठवल्याचे प्रसंग रोजचे असतात आणि ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत. गटाने डॉक्टरपासून तोडल्याचा एखादा प्रसंग घडला, की तो चर्चासत्रांतून वर्षानुवर्षं सांगितला जातो.

पैशांची आणि प्रवासाची गोष्टही गटातच उलगडते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुठल्या रुग्णालयात आपला उपचार बसतो, कुठला कागद आधी लागतो, कोणत्या खिडकीवर सकाळी लवकर जावं लागतं. रेल्वेच्या शयनयान आणि तीन-स्तरीय वातानुकूलित डब्यात उपचाराला जाणाऱ्या कॅन्सररुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट असते, हे कितीतरी लोकांना तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कळतं, तेही रांगेतल्या माणसाकडून. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर राहिलेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवलेली माणसं ही माहिती पूर्वीपासून एकमेकांना देत आली आहेत. ऑनलाइन गटाने एवढंच केलं, की ती माहिती निघण्याआधी गावात पोचायला लागली. चंद्रपूरहून दोन मुक्कामांची तयारी करून आलेल्या माणसाला परळला आल्यावर कळायचं, ते आता घरून निघतानाच कळतं.

आता दुसरा आक्षेप. आधार द्यायचाच तर तो प्रशिक्षित समुपदेशकांनी द्यावा, हे हौशी लोकांचं काम नव्हे. हा आक्षेप जुना आहे. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचं स्तन १९५२ मध्ये काढण्यात आलं. त्या काळची शस्त्रक्रिया छातीचे स्नायूही काढून टाकणारी होती, आणि पुढे कसं जगायचं याबद्दल रुग्णालयाने त्यांना काहीच सांगितलं नाही. हात पुन्हा कसा उचलायचा, पोकळीत काय भरायचं, कपडे कसे शिवायचे, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि मग रुग्णालयांत जाऊन नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना सांगायला सुरुवात केली. सर्जन चिडले, आमच्या रुग्णांशी ही बाई काय बोलते म्हणून तिला अडवलं गेलं. लॅसर यांचं 'रीच टू रिकव्हरी' हे काम अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपलं म्हणून स्वीकारलं १९६९ मध्ये. मधली सतरा वर्षं ज्या बायकांना हात उचलण्याचा व्यायाम कुणी शिकवला नाही, त्यांचा विचार हा आक्षेप घेताना करायला हवा.

महाराष्ट्राला तर हे नव्याने पटवून द्यायची गरज पडू नये. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका आपल्या शहरांत वर्षानुवर्षं भरतात. तिथे दारू सुटलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्या माणसाशी बोलतो, मध्ये कुणी तज्ज्ञ नसतो. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून उभं केलं. ते काम उभारणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः कॅन्सरशी झगडत होत्या, १९९७ मध्ये त्या गेल्या. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून बाहेर आल्यावर १९९४ मध्ये 'व्ही केअर' सुरू केलं, त्यांचे स्वयंसेवक टाटामध्ये रुग्णांना भेटतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हा आजार भोगलेला आहे. या सगळ्याला आपण स्वमदत म्हणतो आणि मान देतो. तेच बोलणं फोनवर आलं की त्याचा धोका कसा होतो? दापोलीजवळच्या खेड्यातली बाई गुरुवारी दुपारी परळच्या बैठकीला येऊ शकत नाही. स्तन काढल्यानंतर नवरा खोलीत येत नाही, हे ती धर्मशाळेत दिरासमोर बोलू शकत नाही. तिला गट हवा तो फोनवरच हवा, बायकांचाच हवा, आणि शक्यतो आपल्या तालुक्यातलं कुणी नसलेला हवा.

गटात मरणाच्या बातम्या येतात आणि रुग्ण खचतो, हा तिसरा आक्षेप. मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो मायेपोटी घेतला जातो. गटातला एखादा नियमित लिहिणारा माणूस गप्प होतो आणि चार दिवसांनी त्याची मुलगी लिहिते, तेव्हा सगळा गट हादरतो हे खरं. पण ओपीडीच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला मरण माहीत नसतं असं आपण का समजतो? गेल्या वेळी शेजारी बसलेला माणूस या वेळी नाही, हे तो पाहतोच. फक्त त्याबद्दल बोलायची त्याला मुभा नसते. घरी येणारा प्रत्येक जण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतो आणि त्यामुळे भीती वाटते असं म्हणण्याचा त्याचा हक्कच जातो.

याही बाबतीत काही ठोस हाती आहे, आणि ते गटांचं गुणगान करणाऱ्यांनाही जमिनीवर आणणारं आहे. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात बसून मोकळेपणी बोलत होत्या, मरणाबद्दलसुद्धा, त्या इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. जगभर खळबळ उडाली. मग कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तसाच अभ्यास केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडला : आयुष्य वाढत नाही. पुढे स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही ते वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा गटाने माणूस जास्त जगतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण त्याच कॅनडातल्या अभ्यासात दुसरंही दिसलं होतं. गटात बसणाऱ्या स्त्रियांची मनाची अवस्था सुधारली, त्यांना वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या सुरुवातीला सर्वांत जास्त खचलेल्या होत्या त्यांनाच सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांना जपायचं म्हणून गटापासून लांब ठेवायचं म्हणतात, नेमक्या त्याच या बायका. ते गट समोरासमोर बसणारे होते आणि त्यांना प्रशिक्षित माणसं चालवत होती, हेही सांगायला हवं. त्यावरून निघतं ते एवढंच, की गटांना चांगली, शिकलेली माणसं लाभावीत. गट नसावेत, हे त्यातून निघत नाही.

'प्रत्येकाचा कॅन्सर वेगळा, म्हणून दुसऱ्याचा अनुभव निरुपयोगी' असंही सांगितलं जातं. पहिला भाग अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ऑनलाइन गटांची गरज आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आरओएस-वन या जनुकातला बदल शंभरात एका-दोघांना असतो. एका शहरात असे किती रुग्ण भेटणार? अमेरिकेतल्या काही रुग्णांनी २०१५ मध्ये इंटरनेटवर एकमेकांना शोधलं, 'आरओएस-वनडर्स' नावाने जगभरचे रुग्ण जमवले आणि संशोधकांना आपल्या गाठींच्या पेशी मिळवून देण्यापर्यंत मजल मारली, कारण अभ्यास करायला पेशीच उपलब्ध नव्हत्या. प्रत्येकाचा कॅन्सर वेगळा असतो, हे त्या गटाला कुणी शिकवायला नको होतं.

रक्ताच्या कॅन्सरच्या सीएमएल या प्रकाराचा इतिहास याहून बोलका आहे. आज इमॅटिनिब म्हणून ओळखलं जाणारं औषध १९९९ मध्ये चाचण्यांच्या टप्प्यात होतं आणि रुग्णांच्या रक्ताच्या आकड्यांत विलक्षण सुधारणा दिसत होती. ही बातमी रुग्णांना कळली ती इंटरनेटवरच्या आपसांतल्या गप्पांतून. मॉन्ट्रिअलच्या सुझन मॅकनमारा या तरुण रुग्णाला कळलं, की औषध पुरेसं तयारच होत नाही. तिने इंटरनेटवर सह्या गोळा केल्या, तीन हजारांहून जास्त, आणि नोव्हार्टिस कंपनीच्या प्रमुखांना पाठवल्या. कंपनीने उत्पादनाचा वेग वाढवला. २००० च्या सुरुवातीला मॅकनमारा यांना पोर्टलंडमध्ये ते औषध मिळालं आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एरवी ज्यांना फक्त वाट पाहायला सांगितलं गेलं असतं, त्या माणसांनी हे घडवलं.

त्याच औषधाची पुढची लढाई मुंबईतून झाली. ग्लिव्हेक या नावाने ते भारतात महिना लाखाच्या वर विकलं जात होतं, देशी कंपन्यांचं तेच औषध त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नोव्हार्टिसला भारतात पेटंट मिळू नये म्हणून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी मुंबईची संस्था लढली, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. कंपनी गरजू रुग्णांना फुकट औषध देत होती आणि ते घेणाऱ्यांच्या मनात हा खटला चालू असताना काय काहूर माजलं असेल, याची मला कल्पना करता येते. औषध कंपन्यांच्या पैशावर चालणारे रुग्णगट कुणाची बाजू घेतात, हा प्रश्न म्हणूनच विचारलाच पाहिजे. गटाचा खर्च कोण करतं ते त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असावं, असा आग्रह मी धरीन.

शुश्रूषा करणाऱ्यांबद्दल आक्षेपकांकडून मी जवळजवळ काहीच ऐकलेलं नाही. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत त्यांना शुभंकर म्हणतात. आपल्या घरांत अजूनही सर्रास रुग्णाला आजाराचं नाव सांगत नाहीत. फाइल कपाटात, रिपोर्ट मुलाच्या फोनमध्ये, आणि 'बाबांना गाठ आहे एवढंच सांगितलंय' असं प्रत्येक पाहुण्याला दारातच बजावायचं. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं, तेही मुलांसाठी गप्प असतात. अशा घरात ती मुलगी किंवा सून कुणाजवळ बोलणार? नवऱ्याजवळ नाही, कारण वडील त्याचे. आईजवळ नाही, कारण ती कोसळेल. डॉक्टर तिला रुग्ण मानत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. न्यू जर्सीत नोकरी करणारी, सांगलीत आईची केमो चालू असलेली मुलगी तर दोन्हीकडे परकी होते. ती ज्या गटात आपल्या मध्यरात्री लिहिते, 'मी आज आईवर ओरडले', आणि जिथे कुणी तिला संस्कार शिकवत नाही, उलट दोघी-तिघी 'मीही ओरडले होते' असं लिहितात, तो गट बंद करायचा सल्ला देणाऱ्याने तिला दुसरी जागा दाखवावी. मी अशी जागा शोधली आहे. ती मला सापडलेली नाही.

राहिले खरे दोष. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि कॅन्सरचा रुग्ण असणं ही गोष्ट आपल्याकडे अजून लग्न मोडायला आणि नोकरी जायला पुरते. २०१८ मध्ये अमेरिकेत अँड्रिया डाउनिंग यांच्या लक्षात आलं, की स्तन आणि बीजाशयाच्या कॅन्सरचा जनुकीय धोका असलेल्या स्त्रियांच्या फेसबुकवरच्या बंद गटातली सदस्यांची यादी बाहेरच्यांना उतरवून घेता येते. ती त्रुटी त्यांनी, म्हणजे एका सदस्यानेच, शोधली आणि कंपनीला बदल करावा लागला. गटात दलाल घुसतात, स्वस्तात औषध मिळवून देतो म्हणतात. हे घडतं आणि ते क्रूर आहे. पण मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी महागड्या केमोच्या रिकाम्या बाटल्यांत भलतंच औषध भरून विकणारी टोळी पकडली, तेव्हा अटक झालेल्यांत रुग्णालयात काम करणारे कर्मचारीही होते. म्हणून रुग्णालयं बंद करा असं कुणी म्हटलं नाही, बाटल्यांचा हिशेब ठेवा म्हटलं. गटांनाही तोच न्याय लावा. आणि गटात एखादा स्वयंघोषित तज्ज्ञ तयार होतो, जो चार वर्षं जगला म्हणून सगळ्यांच्या रिपोर्टवर मत देतो. त्याला आवरणारा चांगला संचालक लागतो. असे संचालक आज स्वतः रुग्ण असतात किंवा नुकतंच घरचं माणूस गमावलेले असतात, आणि त्यांना कुणी काही शिकवत नाही.

यातलं जवळजवळ सगळं रुग्णालयांना सुधारता येण्यासारखं आहे, आणि गटांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं भांडण मुख्यतः याच ठिकाणी आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला चौदा लाखांवर नवे कॅन्सररुग्ण सापडतात. प्रत्येकाशी निवांत बोलायला पुरतील इतके कॅन्सरतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, लवकर होणारही नाहीत. मग घरी सोडतानाच्या कागदावर पुढच्या तपासणीच्या तारखेशेजारी त्या आजाराच्या विश्वासू गटाचं नाव का लिहिलं जाऊ नये? रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाने किंवा एखाद्या अनुभवी परिचारिकेने आठवड्यातून एक तास गटात बसावं, संचालकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, औषधाची मात्रा गटात सांगायची नाही हा नियम त्यांच्याकडून घालून घ्यावा. बोस्टनचे डॉक्टर डॅनी सँड्स यांनी २००७ मध्ये डेव्ह डीब्रॉन्कार्ट या आपल्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला स्वतः होऊन इंटरनेटवरच्या रुग्णगटाकडे पाठवलं होतं. एक अवघड, थोड्याच ठिकाणी मिळणारी उपचारपद्धती आणि तिचे त्रास त्याला तिथल्या रुग्णांनी समजावले. इतकी तयारी नसती तर त्याला तो उपचार झेपला असता की नाही, अशी शंका त्याच्या कॅन्सरतज्ज्ञाने पुढे बोलून दाखवली.

ज्या डॉक्टरांना हे गट धोक्याचे वाटतात, त्यांनी आपल्याच रुग्णांच्या एखाद्या गटात, सदस्यांना सांगून आणि त्यांची परवानगी घेऊन, महिनाभर वाचत राहावं. महिन्याच्या शेवटी धोक्याचे वाटलेले संदेश गटासमोर ठेवावेत आणि त्यांतला प्रत्येक का चुकीचा आहे ते सांगावं. ते ऐकून घ्यायला गटातली माणसं रात्री दीड वाजतासुद्धा जागी असतात.